विश्लेषण : शाळेतच मिळवलेले कॉलेजचे क्रेडिट अमेरिकेत नेहमी पैसे वाचवते का?

अमेरिकेत पदवीसाठी ठरावीक क्रेडिट लागतात. त्यातील काही शाळेतच मिळाले तर वेळ आणि शुल्क वाचते. मात्र हे गणित प्रत्येकाचे जुळतेच असे नाही.

मार्ग कोणते?

‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ (एपी) ही ‘कॉलेज बोर्ड’ची योजना १९५०च्या दशकापासून सुरू आहे. मे महिन्यात परीक्षा होते आणि १ ते ५ गुण मिळतात. दुसरा मार्ग ‘ड्युअल एन्रोलमेंट’चा. यात विद्यार्थी शाळेत असतानाच, बहुधा कम्युनिटी कॉलेजचा, अभ्यासक्रम पूर्ण करतो.

जोखीम काय?

एपीमध्ये क्रेडिट मिळणे अंतिम परीक्षेवर अवलंबून असते. ड्युअल एन्रोलमेंटमध्ये सत्रभराची कामगिरी मोजली जाते. पण कमी श्रेणी कॉलेजच्या नोंदीत कायम राहते.

मेख कुठे?

इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठांना एपीचे ३ गुणही क्रेडिटसाठी स्वीकारावे लागतात. याउलट, डार्टमथने २०१८च्या पदवी तुकडीपासून एपीचे क्रेडिट देणे थांबवले. काही ठिकाणी क्रेडिट मिळते, पण ते मुख्य विषयात धरले जात नाही. मग पदवीचा काळ घटत नाही. म्हणूनच विषय निवडण्याआधी अपेक्षित कॉलेजांचे नियम पाहणे महत्त्वाचे ठरते.