फलक आणि पूल

इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि कामशेत, इंदुरी, देहू, आळंदी ही गावे मागे टाकीत तुळापुरास भीमेला मिळते. देहू-आळंदीमुळे या नदीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी भक्तिभावाने घेतले जाते. तथापि १५ जून २०२५ या रविवारी दुपारी तिच्याच पात्रावर, मावळ तालुक्यात इंदुरीजवळ कुंडमळा येथे, जे घडले त्याचे स्मरण आमच्या वाचकांपैकी कितीजणांस उरले असेल, याची आम्हांस शंका वाटते. पादचाऱ्यांसाठी बांधलेला तीसएक वर्षांचा लोखंडी पूल पावसाळी सहलीस आलेल्या माणसांसह नदीत कोसळला. चार माणसे प्राणांस मुकली, पन्नासांवर जखमी झाली. पूल धोकादायक आहे असा फलक तेथे लावलेला होता. नव्या पुलासाठी ८ कोटी रुपये मंजूर झालेले होते. कामाचा आदेशही निघाला होता; मात्र तो अपघाताच्या अवघे काही दिवस आधी. म्हणजे कागदावर पाहू गेल्यास या प्रकरणात कोणाचेच काही चुकलेले नाही. पूल तेवढा पडला.

अपघातानंतर जे बोलले गेले त्याचा सूर आमच्या परिचयाचा आहे. लोक बेशिस्त आहेत, फलक वाचीत नाहीत, अरुंद पुलावर शेकड्याने चढतात, दुचाकीसुद्धा नेतात. मग सरकारने तरी काय करावे? या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. सहलीस निघालेल्या आपल्या बांधवांचा उल्लूपणा आम्हीही पाहिला आहे. परंतु फलकाचा अर्थ कशावरून ठरतो, याचा विचार या टीकाकारांनी केलेला दिसत नाही. ज्या पुलावर ‘धोकादायक’ असे लिहिले आहे त्याच पुलावरून आसपासचा शेतकरी रोज सकाळी पलीकडे जातो आणि सायंकाळी सुखरूप परत येतो, हे जो परका मनुष्य पाहतो, तो फलकावर विश्वास ठेवील की डोळ्यांवर? आणि त्या शेतकऱ्याने तरी काय करावे? त्याचे काम नदीपलीकडे आहे; त्याला दुसरी वाट जवळ नाही. पूल खरोखरच वापरण्यास अयोग्य होता, तर त्याच्या दोन्ही तोंडांशी भिंत घालता आली असती, निदान पावसाळ्यातील रविवारी चार माणसे उभी करता आली असती, किंवा तो काढून टाकता आला असता. यांपैकी कशासही ८ कोटी रुपये लागत नव्हते. ज्याने फलक लावला त्याला पुलाची अवस्था ठाऊक होती, एवढेच त्या फलकावरून सिद्ध होते. तो फलक वाटसरूला सावध करण्यासाठी होता की लावणाऱ्याला मोकळे करण्यासाठी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सरकारला धोकादायक पुलाचे काय करावे हे कळत नाही, असेही नाही. कुंडमळ्यापासून घाटाकडे थोडे वर गेले की खंडाळ्याच्या बाजूस बोरघाटात १८३० सालचा दगडी पूल उभा होता. पुढे त्यावर लागलेल्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्याला ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले. (पुलाला जाहिरातीच्या फलकाचे नाव मिळावे, हाही आमच्या विषयाशी जुळणारा योग म्हणावयाचा.) मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील मोटारींस त्याच्या खांबांची अडचण होऊ लागली, तेव्हा टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडल्याची संधी साधून ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून तो पाडण्यात आला. वेळ नेमलेली, यंत्रे सज्ज, रस्ता मोकळा, आणि एकाही वाटसरूस इजा नाही. आम्ही या कामास नावे ठेवीत नाही. इतकी जुनी वास्तू गेल्याचे दुःख आहे, पण काम चोख झाले. प्रश्न एवढाच की, मोटारींना अडविणाऱ्या पुलासाठी जी तत्परता उत्पन्न होते, ती पायी चालणाऱ्यांना बुडवू पाहणाऱ्या पुलासाठी कोठे दडी मारून बसते?

येथे पैशाचा प्रश्न पुढे केला जातो, आणि तो खोटा नाही. आपल्या लहान गावांच्या संस्थांची मिळकत ती किती? घरपट्टी, पाणीपट्टी, थोडेफार गाळ्यांचे भाडे. नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली, तेव्हापासून तिच्या बदल्यात येणाऱ्या अनुदानासाठी मुंबईकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. वरून येणारा पैसा बहुधा नव्या कामाच्या नावे येतो. जुन्याची निगा ज्याची त्याने राखावी, असा संकेत. परिणामी ज्या संस्थेला पुलाचे सांधे खरवडून रंग देण्यापुरता पैसा सहजी उभा राहत नाही, तिच्याच हद्दीत नवा पूल कोट्यवधी रुपयांचा मंजूर होऊ शकतो. नव्या पुलाची कोनशिला बसते, तीवर नावे कोरली जातात. गंज खरवडल्याची कोनशिला अद्याप कोणी बसविल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

वस्तुतः लोखंडाचे गणित फार साधे आहे. गंज हा मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून जोडावरील पत्र्यांच्या फटीत तो एकदा शिरला की पत्रे एकमेकांपासून उचलू लागतात, त्यांत आणखी पाणी मुरते, आणि बाहेरून धड दिसणारा सांधा आतून पोकळ होतो. ज्या नदीच्या उगमाशी घाटमाथ्यावर वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तिच्या ओल्या हवेत हे काम अधिकच वेगाने चालते. यावरील उपाय म्हणजे ठरावीक वर्षांनी रंग, आणि दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी पुलाखाली उतरून हातोडीने सांधे ठोकून पाहणे. हा खर्च वाचविल्याने शिल्लक उरते अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी घरातील गळक्या कौलाचा अनुभव आठवावा. कौल फेरण्याचे टाळले की पुढे वासे बदलावे लागतात, आणि वाशांचेही टाळले तर भिंत खचते. न केलेली दुरुस्ती हे कर्जच होय. फरक इतकाच की ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि त्याची वसुली ज्याने ते काढले त्याच्याकडून होत नाही.

महाडच्या सावित्री नदीवरील १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. त्यानंतर त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, याचे त्या काळी मोठे कौतुक झाले. कौतुक आम्हीही करतो. पण १६५ दिवसांत जर पूल होऊ शकतो, तर माणसे मरण्यापूर्वीच्या १६५ दिवसांना कोणता शाप असतो, हे एखाद्या बांधकाम-मंत्र्याने आम्हांस एकदा समजावून द्यावे.

दोष केवळ मंत्र्यांचा व कचेऱ्यांचा म्हणून हात झटकण्याची मात्र सोय नाही. लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला तेव्हा त्याने स्पष्टच म्हटले होते की, कारभार सुधारावा हा त्यातील मुख्य हेतू नसून लोकांस राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे हा आहे. त्या शाळेचे आपण काय केले? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या, आणि कुंडमळ्याचा पूल पडला त्या दिवशी जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता, प्रशासक होते. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची हीच अवस्था होती. तीन वर्षांहून अधिक काळ गावोगावची सभागृहे कुलुपबंद राहिली, आणि आम्ही सुशिक्षितांनी त्याविरुद्ध एकही मोठी सभा भरविली नाही. लोणावळ्यास आमच्यापैकी अनेकांचे बंगले आहेत, त्याहून अनेकांचे तेथील हवेवर प्रेम आहे. बंगल्याची घरपट्टी वाढली की आम्ही अर्ज लिहितो. ती पट्टी कोठे खर्च होते हे विचारावयास जात नाही. भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. तेव्हा सहलींच्या ठिकाणी मनाईहुकूम निघाले, त्यांचे आम्ही स्वागत केले, आणि पुढच्याच पावसाळ्यात कुंडमळा घडले. मनाईहुकूम हा कागदी फलकच नव्हे काय?

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका अखेरीस झाल्या. लोणावळ्यास आणि तळेगाव दाभाड्यास पुन्हा लोकनियुक्त सभा बसली आहे. या सभांकडे आमचे मागणे फार मोठे नाही. गावातील प्रत्येक पूल, साकव, पाण्याची टाकी आणि शाळेची इमारत केव्हा बांधली, शेवटची तपासणी कोणी व कोणत्या तारखेस केली, दुरुस्तीस किती रुपये लागतील, आणि ती पुढे ढकलावी असे ज्यांनी ठरविले त्यांची नावे, एवढे एका तक्त्यात लिहून तो तक्ता कचेरीच्या दाराशी लावावा. लावावयाचाच तर हा फलक लावावा. घरपट्टीतील काही ठरावीक हिस्सा केवळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, आणि तो दिवाबत्तीच्या कमानींकडे किंवा स्वागताच्या वेशींकडे वळविण्यास सभेची मंजुरीच मिळू नये. कर वाढवावा लागला तर वाढवावा. आमच्या वर्गास तो देता येण्याजोगा आहे. ग्रामपंचायतींस हे स्वतःच्या बळावर जमणार नाही हे उघड आहे. त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेने तपासणी करणारा अभियंता आणि रंगाचा खर्च पुरवावा, आणि पूल कोणाच्या ताब्यात, हा वाद पूल उभा असतानाच मिटवावा.

अंदाजपत्रके मार्चअखेरीस मंजूर होतात. पाऊस जूनमध्ये येतो. मध्ये एप्रिल आणि मे हे दोन महिने कोरडे असतात, नदीचे पात्र उघडे पडलेले असते, आणि पुलाखाली उतरावयास होडीसुद्धा लागत नाही.