खुर्ची मलबार पॉइंटावर, नजर दिल्लीकडे!



परळला हाफकिन संस्थेची जुनी इमारत आहे. तिच्यासमोरून तुम्ही आणि तुमच्या बापजाद्यांनी वर्षानुवर्षं पाळीला ये-जा केली. पण त्याच इमारतीत शंभराहून अधिक वर्षं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर राहत होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मग लाटसाहेबांनी परळ का सोडलं? 1882 साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी त्या बंगल्यात कॉलऱ्याने दगावल्या. भोवती गिरण्यांची धुराडी वाढत होती, हवा बिघडली होती. दोन-तीन वर्षांत साहेबांचं बिऱ्हाड कायमचं मलबार पॉइंटला, समुद्राच्या वाऱ्यावर गेलं. रिकाम्या बंगल्यात 1899 साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. साहेब गेले, कामगार मात्र तिथेच राहिला. ज्या हवेत लाटसाहेबांच्या कुटुंबाचा निभाव लागला नाही, त्याच हवेत आमच्या चार पिढ्यांनी सूत काढलं!

ही गोष्ट नुसत्या बंगल्याची नव्हे. त्या खुर्चीचा सारा इतिहासच असा आहे. खुर्चीवर बसणारा आमच्यात राहतो, पण आमचा नसतो. का? तर त्याला नेमणारा दुसरीकडे असतो.

मुळापासून बघा. 1668 साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. बेटावरच्या कोळ्याला, भंडाऱ्याला, कुणब्याला कुणी विचारलं? सुरतेच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडेन हाच कंपनीचा मुंबईचा पहिला गव्हर्नर झाला. म्हणजे या खुर्चीवरचा पहिला माणूस राजा नव्हता, पुढारी नव्हता. तो व्यापाऱ्यांचा कारभारी होता, आणि हिशेब तो लंडनला देत होता. 1858 साली कंपनीचं राज्य गेलं नि राणीचं आलं. खुर्चीवरची पाटी बदलली, पण हिशेब लंडनलाच जात राहिला.

सगळे गव्हर्नर वाईटच होते, असं आम्ही म्हणत नाही. पेशवाई बुडाल्यावर 1819 ते 1827 या काळात कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टन यांनी इलाख्यात शिक्षणाचा पाया घातला, हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण माणूस चांगला निघणं हा आपल्या नशिबाचा भाग झाला. खुर्चीची घडण वेगळी गोष्ट आहे. आमचं भांडण घडणीशी आहे.

रत्नागिरीला या खुर्चीने काय दिलं? कैदी दिले! मंडालेचा राजा थिबा 1886 साली इथे आणून ठेवला, तो 1916 साली इथेच मेला. सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत याच जिल्ह्यात अडकवलं. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना उलट मंडालेला धाडलं! 1908 च्या जुलैत ती शिक्षा झाली, तेव्हा गव्हर्नर होते सर जॉर्ज क्लार्क. लोकमान्यांना सहा वर्षं मिळाली, म्हणून गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, लष्कराच्या गोळ्या झेलल्या. सरकारला उत्तर कसं द्यायचं, हे त्या दिवसांत देशाला गिरणगावाने शिकवलं.

1937 साली निवडलेलं मंत्रिमंडळ आलं. पण 1935 च्या कायद्यात 93 वं कलम होतं. 1939 च्या नोव्हेंबरात खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर त्याच कलमाने सहा वर्षांहून अधिक काळ गव्हर्नरने एकट्याने राज्य केलं.

मग स्वराज्य आलं. 1948 साली राजा महाराज सिंह हे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. आता तरी खुर्ची आपली झाली का? घटना समितीपुढे निवडून आलेला राज्यपाल ठेवण्याचा विचार होता. 1949 च्या मे महिन्यात तो सोडून दिला गेला. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, अशी भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण उपाय काय काढला? नेमणूक राष्ट्रपतींनी, म्हणजे दिल्लीच्या सरकारच्या सल्ल्याने. आणि त्यांची मर्जी असेल तोवर पद! लंडनची मर्जी गेली, दिल्लीची आली.

मुंबई आमची, म्हणून 106 जणांनी रक्त सांडलं, तेव्हा या खुर्चीने तोंड उघडलं नाही. आणि 1960 च्या मे महिन्याची पहिली तारीख उजाडली, तेव्हा महाराष्ट्राचं उद्घाटन कुठे झालं? राजभवनात! रक्त फाउंटनला सांडलं आणि समारंभ मलबार पॉइंटला झाला.

कुणी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरता? राज्यपाल म्हणजे नुसता शिक्का. बरं, तर अलीकडचं बघू. 2020 च्या नोव्हेंबरात विधान परिषदेच्या बारा जागांची यादी सरकारने राज्यपालांकडे धाडली. 2022 च्या जूनमध्ये ते सरकार पडलं, तरी यादीवर निर्णय नाही! शिक्का दीड वर्ष उमटत नसेल, तर तो शिक्का नव्हे, ती कडी आहे. त्याच जूनमध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला. तो योग्य नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या मे महिन्यात सांगितलं. पण मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिला होता, म्हणून सरकार काही परत आलं नाही. पक्ष कुठला, हा सवाल इथे नाही. आज एकाचं गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईल.

आणि 2022 च्याच जुलैत राज्यपाल कोश्यारी जाहीरपणे म्हणाले की, गुजराती आणि राजस्थानी लोक गेले तर मुंबईत पैसाच उरणार नाही. पुढे त्यांनी माफी मागितली, तो विषय संपला. पण बंधूंनो, तो पैसा सूतखात्यात, साच्यांवर, कापसाची धूळ छातीत घेऊन कुणी उभा केला, हे त्या खुर्चीवरून दिसत नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर उठले. तेही तिथून दिसलं नाही.

कोकणाचं गाऱ्हाणं आणखी निराळं. घटनेच्या 371 व्या कलमाने राज्यपालांवर खास जबाबदारी टाकली आहे ती विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राची. त्यात कोकण कुठे? उर्वरितात! विदर्भ-मराठवाड्याला मिळालं ते त्यांच्या हक्काचं, आमची तक्रार नाही. पण मिरकरवाड्याचं बंदर आणि पुण्याचा सधन पट्टा एकाच टोपलीत घातले, तर सरासरीत बंदराची गरज दिसणार कशी?

मिरकरवाड्याचा तांडेल सुकाणू धरतो तो होडीत बसून. होडी बुडाली तर तोही बुडतो, म्हणून खलाशी त्याचं ऐकतात. राज्यपालाच्या हातात सुकाणू आहे, पण तो बसलाय काठावर. होडी फुटली, तर त्याचं धोतरही भिजत नाही!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. राज्यपालाची नेमणूक विधानसभेच्या संमतीवाचून होऊ नये. विधेयक असो की यादी, निर्णयाला घटनेतच मुदत असावी. बहुमत कुणाचं, ते सभागृहात मोजावं, बंगल्यात नव्हे. 1994 साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. आणि 371 व्या कलमात कोकणाचं नाव स्वतंत्र यावं.

हे मिळायला घटनेत दुरुस्ती लागेल, ती दिल्लीतच होईल. म्हणून मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, हे चार सवाल उभ्या उभ्या विचारा. उत्तर देईल त्याला बसायला पाट द्या. जो टाळेल त्याला बंदराची वाट दाखवा!