देवघर नसलेला आश्रम

दोस्तांनो, आश्रम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? पहाटेची घंटा, समई, उदबत्तीचा वास, आरतीला टाळ्या वाजवणारी माणसं आणि हातावर पडणारा प्रसादाचा शिरा. होय ना? पण आज आपण ज्या आश्रमात मुक्कामाला जाणार आहोत तिथं मूर्ती नाही, पूजा नाही, आरती नाही. अर्थात शिऱ्याची आशाही सोडा! बरं, हा आश्रम कुणी देव न मानणाऱ्यांनी काढलेला नाही हं. तो उभा राहिला स्वामी विवेकानंदांच्या इच्छेनं.

चला तर, पिशव्या भरा. स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. दिल्लीहून रेल्वेनं टनकपूरला उतरायचं. इथं सपाट मुलूख संपतो आणि शारदा नदी डोंगरातून बाहेर पडते. पुढं मोटारीनं चंपावतपर्यंत सुमारे 75 किलोमीटर नुसती वळणं! गाडी लागत असेल त्यानं खिशात लिंबू ठेवावं. चंपावत हे नाव शिकारकथा वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. 436 माणसांचे बळी घेतल्याचं सांगितलं जातं ती नरभक्षक वाघीण जिम कॉर्बेटनं 1907 साली इथंच मारली. आपला आश्रम तेव्हा आठ वर्षांचा होता, म्हणजे तिथल्या संन्याशांना त्या काळी अंधार पडल्यावर बाहेर पडताना काय वाटत असेल, याची कल्पना करा!

चंपावतच्या पुढं लोहाघाट, आणि तिथून नऊ किलोमीटरवर मायावती. नाव गावाचं आहे बरं का, कुणा बाईंचं नव्हे. उंची सुमारे 6,400 फूट. आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार फूट चढवा, म्हणजे अंदाज येईल. भोवती देवदार, बांज आणि बुरांश यांचं दाट रान. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. वसंतात त्याला लालभडक फुलं येतात. हवा स्वच्छ असली की उत्तरेला नंदादेवी आणि त्रिशूळ ही बर्फाची शिखरं दिसतात.

राहायला अतिथिगृह आहे, पण आधी लिहून परवानगी घ्यावी लागते. खोली साधी, जेवण साधं. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवते ती शांतता. दिवसभर कुणी तुम्हांला 'हे करा, ते करा' म्हणत नाही. वाचा, ध्यानाला बसा, रानात फिरा. शहरातल्या पाहुण्याला दुपारपर्यंत चुकल्याचुकल्यासारखं होतं. नमस्कार करायचा तरी कुठं, हेच त्याला कळत नाही.

ही कल्पना निघाली फार लांब, स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात. 1896 साली विवेकानंद तिथं हिंडत होते. बरोबर जेम्स हेन्री सेव्हियर हे निवृत्त इंग्रज कॅप्टन आणि त्यांच्या पत्नी शार्लट होत्या. ते डोंगर पाहून स्वामीजींच्या मनात आलं, हिमालयातही असं एक निवांत ठिकाण हवं. सेव्हियर पतिपत्नींनी इंग्लंडमधलं बिऱ्हाड मोडलं आणि ते हिंदुस्थानात आले. मायावतीला चहाचा एक जुना मळा मिळाला. 19 मार्च 1899 रोजी, स्वामी स्वरूपानंदांच्या साथीनं, तिथं 'अद्वैत आश्रम' सुरू झाला.

अद्वैत म्हणजे 'दोन नाहीत'. देव एकीकडे आणि आपण दुसरीकडे, असं नाहीच. सगळीकडे एकच तत्त्व भरलेलं आहे. आपल्या ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त हेच सांगितलं आहे. मग मूर्ती मांडायची तरी कोणापुढं? म्हणून विवेकानंदांनी आरंभीच ठरवून दिलं, की या एका जागी बाहेरची पूजाअर्चा नको. इतरत्र त्यांची पूजेला मुळीच ना नव्हती. कलकत्त्याजवळ बेलूर मठात त्यांनी स्वतः आपल्या गुरूंची, रामकृष्णांची, पूजा केली होती.

28 ऑक्टोबर 1900 रोजी कॅप्टन सेव्हियर वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे हिंदू पद्धतीनं नदीकाठी त्यांचं दहन झालं. शार्लटबाईंना भेटायला विवेकानंद भर हिवाळ्यात, बर्फ तुडवत, काठगोदामहून निघाले आणि 3 जानेवारी 1901 रोजी मायावतीला पोचले. तब्येत तेव्हा खालावलेली होती. आणि तिथं पाहतात तो काय? एका खोलीत छोटंसं देवघर! रामकृष्णांची तसबीर, फुलं, धूप, नैवेद्य, सगळं.

आता गंमत पाहा. तसबीर होती ती त्यांच्याच गुरूंची. मांडली होती ती त्यांच्याच माणसांनी, अगदी मनापासून. स्वामीजी रागावले, भरपूर बोलले. पण 'हे उचला' असा हुकूम त्यांनी केला नाही. ज्यांनी मांडलं त्यांना स्वतःलाच उमगावं, अशी त्यांची इच्छा होती. मला विचाराल तर हे फार अवघड काम. हातात अधिकार असताना वाट पाहायची! तुमच्या वर्गाच्या मॉनिटरला विचारा हवं तर.

राग त्यांना लवकर यायचा हेही खरं. याच मुक्कामात एकदा जेवणाला उशीर झाला. स्वामीजी खरडपट्टी काढायला थेट स्वयंपाकघरात गेले. बघतात तर तरुण विरजानंद धुरानं भरलेल्या खोलीत फुंकर मारमारून चूल पेटवताहेत. स्वामीजी एक शब्द न बोलता परत फिरले. ताट आलं तेव्हा 'घेऊन जा' म्हणाले खरे, पण मग बसले, जेवले आणि लहान मुलासारखी कबुली दिली, की राग कसला, पोटात भुकेचा आगडोंब उसळला होता!

बाहेर बर्फ पडत होतं आणि आत स्वामीजी लिहीत होते. आश्रमातून 'प्रबुद्ध भारत' हे इंग्रजी मासिक निघे. त्यासाठी त्यांनी जे लेख लिहिले त्यांतला एक आपल्या न्यायमूर्ती रानडे यांच्या भाषणाला उत्तर होता. समाजाला शिकवायला संसारी माणसं हवीत की संन्यासी, असा तो वाद. स्वामीजींनी बाजू घेतली संन्याशांची, पण रानड्यांविषयीचा आदर राखून. ते मायावतीत असतानाच, 16 जानेवारीला, इकडे मुंबईत रानड्यांचं निधन झालं. 18 तारखेला स्वामीजी डोंगर उतरले.

आणि देवघर? 1902 च्या मार्चमध्ये आश्रमातल्या लोकांनी ते आपणच बंद केलं. तरी एका संन्याशाच्या मनातली रुखरुख जाईना. गुरूंची तसबीर काढली, हे बरं झालं का? त्यानं शारदादेवींना पत्र लिहिलं. त्या रामकृष्णांच्या पत्नी. स्वतः रोज त्याच तसबिरीची पूजा करणाऱ्या. वाटलं असेल, त्या तरी आपली बाजू घेतील. त्यांनी कळवलं, की गुरू अद्वैती होते, तेव्हा तुम्ही सारे अद्वैतीच. झालं, प्रश्न मिटला. तो नियम आजही तसाच आहे.

मग नमस्कार कुठं करायचा, हा आपल्या पाहुण्याचा प्रश्न राहिलाच. उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आश्रमाच्या आवारातच रुग्णालय आहे. 1903 साली ते लहानशा दवाखान्याच्या रूपानं सुरू झालं. आसपासच्या खेड्यांतली गरीब माणसं डोंगर चढून-उतरून तिथं औषधाला येतात. शार्लटबाईही पतीच्या मागं लगेच मायदेशी गेल्या नाहीत. 1916 पर्यंत त्या याच डोंगरांत राहिल्या.

जाणार असाल तर मार्च ते जून किंवा पावसाळ्यानंतरचे दिवस निवडा. आश्रमाच्या रानातली सगळ्यात उंच जागा म्हणजे धरमघर. विवेकानंदांना तिथं एकांतात राहायला एक कुटी हवी होती. मुक्कामात एका सकाळी तिथवर नक्की चढून जा. वाट दाखवायला कुणीतरी बरोबर घ्या, आणि उजाडायच्या आत निघा. ढग लवकर चढतात, मग नंदादेवी काही दिसायची नाही.