'बंद आहे' असे लिहायला काय जाते?

अमेरिकेत छोटे विमान उतरण्याचा दिवा बंद असतानाही दिवसा कायदेशीररीत्या उडू शकते, हे नातवाने सांगितले. मी ते आमच्या कट्ट्यावर बोललो मात्र, मंडळी तुटून पडली. "विमानात बिघाड आणि वर परवानगी? मग कायदा हवा कशाला?"

अहो, पण बिघडले काय, हे तरी विचाराल की नाही? या विमानांच्या बहुतेक पिस्टन इंजिनांत ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात. इंजिन फिरते तोवर ते स्वतःच वीज तयार करतात. बॅटरी संपली, अल्टरनेटर गेला, तरी इंजिन थांबत नाही. जुन्या पायपर कबमध्ये तर विजेची यंत्रणाच नसे. पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे!

तिथला ९१.२१३ हा नियम नेमके हेच विचारतो. बंद पडलेली वस्तू दिवसाच्या उड्डाणाला आवश्यक आहे का? विमानाच्या स्वतःच्या यादीत सक्तीची आहे का? एखाद्या सुरक्षा-आदेशात आहे का? एकाही ठिकाणी 'हो' आले की विमान जमिनीवर. इंधनाचा काटाही बऱ्याच विमानांत विजेवरच चालतो, पण तो बंद असेल तर भरदुपारीही उडता येत नाही. सगळीकडे 'नाही' आले तरी सुटका नाही. ती वस्तू काढा किंवा तिची जोडणी तोडा, तिच्यावर 'बंद' अशी चिठ्ठी लावा, आणि धोका नाही हे परवानाधारक वैमानिकाने किंवा मेकॅनिकने ठरवावे. याला पळवाट म्हणायचे?

एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही. भाडे न घेता रात्री उडणाऱ्या विमानाला उतरण्याचा दिवा हा नियम सक्तीचा करत नाही. पंखांवरचे दिवे हवेत, हा नको! असो.

आपल्याकडे सगळे चालूच हवे असते, म्हणजे कागदावर. मी ज्या शाळेत होतो तिथल्या जडसंग्रह नोंदवहीत प्रयोगशाळेतली सगळी उपकरणे वर्षानुवर्षे 'सुस्थितीत' होती. व्होल्टमीटरचा काटा हलत नसे. मुले प्रयोगवहीत पुस्तकातले आकडे उतरवीत आणि आम्ही खाली सही करत असू. त्या व्होल्टमीटरवर कोणी 'बंद' अशी चिठ्ठी लावली असती, तर तपासणीत खुलासा त्यालाच द्यावा लागला असता.