एकदाच केलेली तपासणी पुरत नाही

हरित प्रमाणपत्रासाठी कार्यालयातील यंत्रणांवर वर्षभर नजर ठेवणे ही उधळपट्टी आहे, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे. ते पटणारे नाही.

ताबा घेताना एसी नीट चालला, तरी बिघाड नंतर शिरतात. कोणी वेळापत्रक बदलते, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, सेन्सर चुकीचे तापमान दाखवतो. खोली गार असल्याने तक्रार येत नाही, वीज मात्र वाया जाते. सततच्या नोंदींतूनच हे सापडते.

कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठांच्या अशा नोंदींवर आधारलेल्या २४ प्रकल्पांचा अभ्यास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ऊर्जाबचतीचा मध्यांक १० टक्के होता. खर्च साधारण अडीच वर्षांत वसूल होत होता.

‘लीड’ या हरित प्रमाणपत्राच्या चौथ्या आवृत्तीतही, सतत नोंदी ठेवण्याचा पर्याय निवडणाऱ्यांना वापराच्या पहिल्या वर्षी किमान दर तिमाहीस विश्लेषण करावे लागते. भाडेकरू कंपन्यांनी हे काम ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्यावे.