बोरगावला पट्टण पंचायत मिळाली, आराखड्याचे काय?

बोरगाव : आधी शेतात प्लॉट पडतात, मग घरे उठतात, त्यानंतर पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला जातो आणि सगळ्यात शेवटी गटाराचे पाणी कुणाच्या दारातून न्यायचे यावर भांडण लागते. वाढत्या गावांचा हा नेहमीचा क्रम. निपाणी तालुक्यातील बोरगावही त्याला अपवाद नाही. आमच्या गल्लीत गटार करा, दिवा लावा, ही मागणी बरोबरच आहे. पण आता गल्लीपुरते मागून भागणार नाही, अख्ख्या गावाचा आराखडा मागावा लागेल.

ग्रामसभा गेली, बदल्यात काय आले?

कर्नाटकात साधारण १० ते २० हजार लोकवस्तीच्या, गावातून शहराकडे झुकणाऱ्या ठिकाणांसाठी पट्टण पंचायत असते. दर्जा वाढला की मुख्याधिकारी येतात, नगरविकासाचा निधी येतो, घरपट्टीही वाढते. मात्र ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभाही जाते आणि रोजगार हमीची कामे थांबतात. राज्यघटनेने सक्तीची केलेली वॉर्ड समिती ३ लाख व त्यावरील लोकसंख्येच्या शहरांना. म्हणजे छोट्या गावाला उभे राहून प्रश्न विचारायची हक्काची जागाच उरत नाही. मग लोकं नगरसेवकाच्या दारात जातात आणि नियोजनाचा प्रश्न ओळखीपाळखीचा होऊन बसतो.

‘बी खाता’ म्हणजे मंजुरी नव्हे

शेतजमिनीवर घरे बांधायची तर आधी एनए, मग ले-आऊट मंजुरी हा रीतसर मार्ग. मंजूर ले-आऊटमध्ये रस्ते, बाग आणि सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडावी लागते. एवढ्या खटपटीत न पडता गुंठ्यावर खरेदी केली की प्लॉट स्वस्त पडतो, पण राहिलेला खर्च पुढे सगळ्या गावाच्या डोक्यावर येतो.

२०२५ मध्ये राज्य सरकारने नगरसंस्थांच्या हद्दीतील अनधिकृत वसाहतींना ‘बी खाता’ देण्याची मोहीम काढली. १० सप्टेंबर २०२४ ही त्यासाठीची मर्यादा. पहिल्या वेळी दुप्पट कर, पुढे नेहमीप्रमाणे. घरमालकाला उतारा मिळाला, पंचायतीला उत्पन्न मिळाले. पण उतारा मिळाला म्हणून नऊ फुटी बोळ रुंद होत नाही. तेव्हा हा जादा पैसा कोणत्या वसाहतीतून किती आला आणि तिथेच किती खर्च झाला, याचा हिशेब नागरिकांनी मागायला हवा. अंदाजपत्रकाआधी नागरिकांची बैठक घेण्याची पद्धत नगरसंस्थांत आहे. तिथेच तो मागता येतो.

बेळगावचा धडा

नियोजन कागदावर असून चालत नाही, प्रक्रियाही नीट लागते. बेळगावात शहापूर ते जुना पी. बी. रोड हा रस्ता रीतसर भूसंपादन न करता रुंद झाला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले. सुमारे २० कोटींची भरपाई द्या किंवा जमीन परत करा, अशी वेळ महापालिकेवर आली आणि २०२४ मध्ये जागा परत करावी लागली. महापालिकेची ही गत, तर पट्टण पंचायतीला असली चूक परवडेल का?

वेळ कोणती?

१९६१ च्या कर्नाटक नगर व ग्रामनियोजन कायद्यानुसार मास्टर प्लॅनचा मसुदा जाहीर करून ठरावीक मुदतीत हरकती मागवाव्या लागतात. दर १० वर्षांनी त्याचा फेरविचारही व्हायचा असतो. नागरिकांच्या हातातली खरी संधी हीच. पण नोटीस फलकावर लागते, कुणी वाचत नाही आणि मुदत संपल्यावर मोर्चा निघतो. त्यातच ती फक्त कन्नडमध्ये असली तर मराठी माणसाला कळणार कधी? जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे तत्त्व केंद्राने मान्य केलेले आहे. ही मागणी कन्नडविरोधी नाही. गटाराचे पाणी भाषा बघून तुंबत नाही.

दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. कारदगा-भोज, बारवाड-कुन्नूर मार्ग पावसाळ्यात पाण्याखाली जातात, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. ओढे-नाले मोकळे ठेवून वाढ कोणत्या बाजूला न्यायची, हे प्लॉट पडण्याआधी ठरले तरच उपयोग. घरे उठल्यावर नकाशा काढला, तर त्यात दाखवायला मोकळी जागाच शिल्लक राहणार नाही.