डॉल्बीमागच्या जोडीला चेहरा हवाच!

विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर तीन-चार तास नाचून आलेल्या कुणालाही विचारा, ‘भावा, गाणी कुणाची होती?’ उत्तर ठरलेलं, ‘अमक्या मंडळाचा डॉल्बी होता, विषय हार्ड!’ मंडळाचं नाव पाठ, साऊंडवाल्याचं नाव पाठ, बेसच्या पेट्या किती होत्या तेही पाठ. पण ज्या दोघा पोरांनी रात्र-रात्र जागून ते रिमिक्स केलं, ती दिसतात कशी हे कुणालाच ठाऊक नसतं. गाण्याच्या मध्येच त्यांच्या नावाची एक आरोळी येते, तेवढीच त्यांची ओळख. दुसऱ्या कुणी ती आरोळी कापून स्वतःची चिकटवली, की तीही गेली.

जोडीनं संगीत करणं आपल्याला नवं नाही. शंकर-जयकिशन झाले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल झाले, आपले अजय-अतुल आहेत. पण सिनेमातल्या गाण्याला चेहरा द्यायला नट-नटी असतात. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि ‘झिंगाट’ म्हटलं की आर्ची-परश्याच डोळ्यांसमोर यायला लागले. इलेक्ट्रॉनिक संगीतात ही सोय नाही. तिथं पडद्यावर नायक नाही. ढोलकीवाल्याचा हात किंवा गायकाचा ताणलेला गळा दिसतो, तसं बघण्यासारखंही काही नाही. लॅपटॉप, मिक्सर आणि खाली माना घालून उभी असलेली दोन माणसं! म्हणून या संगीतात ‘दिसणं’ हे अर्धं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जगातल्या गाजलेल्या जोड्यांनी हे फार आधी ओळखलं. फ्रान्सच्या ‘डाफ्ट पंक’नं २००१ पासून रोबोटची हेल्मेट घातली आणि चेहरा लपवूनच चेहरा कमावला. २०२१ मध्ये ते वेगळे झाले तेव्हा जगभर बातमी झाली, फोटो मात्र दोन हेल्मेटचाच! इंग्लंडच्या ‘पेट शॉप बॉइज’ना तर हेल्मेटसुद्धा लागलं नाही. नील टेनंट पुढं उभा राहून गाणार आणि ख्रिस लोव टोपी-गॉगल घालून कीबोर्डमागं ढिम्म उभा. एवढ्यावर चाळीस वर्षांची ओळख उभी राहिली. ‘केमिकल ब्रदर्स’ स्वतः अंधारात राहतात आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावरची चित्रं बोलतात. ती चित्रं करणारे अॅडम स्मिथ आणि मार्कस लायल हीसुद्धा एक जोडीच. आणि ‘जस्टिस’ ही फ्रेंच जोडी तर आपल्याला जवळची वाटावी अशी. मध्ये उजळलेला क्रॉस आणि दोन्ही बाजूंना मार्शलच्या स्पीकर पेट्यांची भिंत. पेट्यांची भिंत आपल्याकडं काय कमी आहे? फरक एवढाच, त्यांच्या भिंतीमध्ये त्यांची स्वतःची खूण आहे. आपल्या भिंतीवर भाड्याचा लेसर आहे.

या लेसरबद्दल तर बोलायलाच हवं. गेल्या काही वर्षांत मिरवणुकीतल्या लेसरमुळं डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी कोल्हापुरातही आल्या. नेत्रतज्ज्ञांनी इशारे दिले, प्रशासनानं बंदीचे आदेश काढले. आपल्या डोळ्याचं भिंग लेसरचा झोत एका बारीक बिंदूवर एकवटतं आणि मागचा पडदा भाजतो. तिथं वेदना जाणवत नाही, त्यामुळं नाचणाऱ्याला तेव्हा कळतही नाही. सकाळी उठल्यावर समोर काळा ठिपका दिसतो आणि काहींचा तो कायमचा राहतो. हा धोका आपण कशासाठी घेतो? ज्या झगमगाटात एका मंडळाचं दुसऱ्यापासून वेगळं काहीच दिसत नाही त्यासाठी! मिरजकर तिकटीला जो हिरवा झोत, तोच पापाची तिकटीला.

आणि हे कुठल्या गावात? जिथं चित्र रंगवणाऱ्या एका जोडीनं संगीत नाटकाचं रूपच बदललं, त्या गावात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे चुलतभाऊ. गायक नट पुढं गायचे आणि मागं या दोघांनी रंगवलेले पडदे असायचे. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढं बाबूरावांनी इथंच कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. गाणं ऐकायला आलेल्या माणसाला बघायलाही काहीतरी द्यायचं असतं, हे कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आज त्याच गावातल्या डीजे जोडीच्या लोगोत कवटी, निऑन अक्षरं आणि कुठल्यातरी परदेशी मास्कची नक्कल असते. भावांनो, हे बरोबर नाही.

कुणी म्हणेल, ‘गाणं वाजलं पाहिजे, दिसण्याचं काय घेऊन बसलाय?’ मान्य, पोकळ गाण्याला मास्क घालून कुणी तारत नाही. पण चांगलं गाणं निनावी राहिलं तर नुकसान करणाऱ्याचंच होतं. सुपारी साऊंडवाल्याला मिळते, व्ह्यूज रील टाकणाऱ्याला. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं आणि मराठी हाऊस संगीत जगभर वाजलं. त्या गाण्याच्या नावातच चित्र आहे, आपल्या कातडीचा रंग आहे. ते नाव इंग्रजी असतं तर शेकडो गाण्यांत हरवलं असतं.

दुसरी तक्रार पैशांची. पण लोवच्या टोपी-गॉगलला असा किती खर्च आला असेल? आपल्याकडं तर कलानिकेतन आहे, दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. तिथली पोरं पोर्ट्रेट करतात, अक्षरं काढतात, अॅनिमेशन शिकतात आणि काम शोधत पुण्याला जातात. रिमिक्स करणाऱ्या पोरानं यांच्यापैकी एकाला किंवा एकीला गाठावं. एकानं आवाज करायचा, दुसऱ्यानं चित्र. जोडीतला दुसरा माणूसही लॅपटॉपवर बेसच वाढवत बसला पाहिजे, असा काही नियम नाही.

मंडळांनाही एक सांगणं आहे. यंदा लेसरचं भाडं वाचवा आणि त्या पैशात या पोरांकडून आपल्या पेठेचं चित्र एलईडी पडद्यावर करून घ्या. तालमीतली लाल माती घ्या, गुऱ्हाळाची धग घ्या, रंकाळ्याची संध्याकाळ घ्या. खाली ज्यांनी गाणं केलं आणि ज्यांनी चित्र केलं, त्या दोघांची नावं ठळक टाका. मग मिरवणुकीहून परतलेल्याला कुणी विचारलं, ‘गाणी कुणाची होती?’ तर त्याला सांगता येईल. आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोळेही शाबूत असतील.